चाळीसपैकी चाळीस

१०

"तुमच्याकडे डुक्कर मारतायत काय गो?" कुडणापलीकडून विठूच्या आईने विचारलं.

"नाय ओ. गणित सुरू होतांय," शकू म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

आतल्या खोलीतून कॅसेटची किरकिर येत होती. बरोबर पाच मिनिटं यायची, मग बंद व्हायची.

२०

कोर्टाच्या नक्कल विभागात कुठल्याही कागदावर तीन सह्या लागतात. एक नक्कल करणाऱ्याची, एक रुजवात घेणाऱ्याची, एक साहेबांची. रुजवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा वाचायचा. रुजवातीशिवाय नक्कल म्हणजे नुसता टाइप केलेला कागद.

३०

पंचवीस, चोपन्न, सतरा, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, आठ.

राही न्हाणीत असं काहीतरी म्हणायची. एकेका आकड्याला एकेक तांब्या अंगावर. शकूला वाटे, पोरगी तांबे मोजतेय आणि तेही चुकतेय.

४०

शाळा सोडल्याचा दाखला फिकट हिरव्या कागदावर असतो. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्याला बोटभर जागा ठेवलेली असते. तेवढीच पुरते.

५०

"दाजी, ह्या यंत्राला लय वेळ चालू ठेवायचा नाय," मेव्हणा खंडू एसटीच्या पायरीवरून म्हणाला. "तापतो. एक डाव झाला की बंद."

"एकच डाव," हरिश्चंद्र म्हणाला.

६०

हरिश्चंद्र भाटकर वीस वर्षं नकला टाइप करत होता. मिनिटाला मराठी चाळीस शब्द, इंग्रजी पन्नास. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटला, तिसऱ्यांदा सुटला तो काठावर. तेव्हापासून आकडा दिसला की तो त्याचं चित्र उतरवून घेई. आत डोकावायला जात नसे. दाव्यातल्या जमिनींची क्षेत्रं, आणेवारी, वारसांचे सोळाव्या-बत्तिसाव्या हिश्श्याचे तुकडे, सगळं त्याच्या बोटांखालून जाई आणि डोक्यात काही राहत नसे. हाच त्याचा गुण होता. नक्कल करणाऱ्याने अर्थ लावायला घेतला की चुका सुरू होतात, असं त्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, आणि मूळ कागदात चूक असेल तर चुकीसकट उतरवायचं, हेही.

मुलगी एकच. राही, दहा वर्षांची, चौथीत दुसऱ्यांदा. वाचन बरं होतं, अक्षर तर मोत्यासारखं. फळ्यावरचं वहीत उतरवून घ्यायला सांगावं तर वर्गात तिच्यासारखी तीच. पण "नऊ नि सहा किती?" असं विचारलं की ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राही. उत्तर त्याच्या ओठांवर कुठेतरी उमटेल आणि आपण ते उचलू, अशा आशेने.

जूनमध्ये शाळेच्या मोठ्या बाईंनी हरिश्चंद्राला बोलावलं होतं. विमलाबाई निवृत्तीला आलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"भाटकर, हे दुसरं वर्ष. मी मार्चअखेर बघेन. पाचवीत ढकलण्यापुरतं जरी गणित आलं तरी ढकलीन. नाही आलं तर दाखला घेऊन जा. तिसऱ्यांदा त्याच बाकावर बसवून पोरीचं हसं नको करायला."

"दाखला घेऊन काय करू बाई?"

"घरकाम शिकेल. सगळ्याच कुठे शिकतात?"

दाखला घेऊन काय करायचं, याचं उत्तर घरात आधीच तयार होतं. हरिश्चंद्राची बायको शकू, तिचं माहेर समुद्राकाठच्या नाटे गावचं. तिथे तिची भावजय तुळसा सुक्या मासळीचा धंदा बघायची, पदरात दोन पोरं रांगती. नवरा खंडू वर्षातले दहा महिने जहाजावर. "राहीला धाडा माज्याकडे," ती दर खेपेला म्हणायची. "पोटच्या पोरीवानी ठेवीन." आणि ठेवली असती. तुळसा वाईट असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

७०

खंडू गणपतीला आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत ते यंत्र होतं. काळं, वहीएवढं, वर रबराच्या बारक्या कळा, कोलंबीच्या अंगासारख्या मऊ. हॅम्बुर्गच्या बंदरात एका गोऱ्याने स्वस्तात दिलं होतं. मुंबईत विकून दोन पैसे करावे असा बेत. पण दुकानदार म्हणाला, ह्याच्या खेळांच्या कॅसेटी इथे मिळत नाहीत, कोण घेणार? तसंच ते रत्नागिरीला आलं. त्याच्याबरोबर दोन पुस्तकं, दोन्ही इंग्रजी. एक यंत्र कसं चालवायचं त्याचं. दुसऱ्यात पानंच्या पानं नुसते आदेश छापलेले. ते यंत्रात टाइप करायचे की त्याचा खेळ होतो. एका पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, त्याचा अर्थ हरिश्चंद्राने लावला तो असा: घरच्या घरी मुलांचं गणित.

"हा काय टाइपच करायचा हाय," खंडू म्हणाला. "दाजी, तुमच्यासारखा माणूस आख्ख्या तालुक्यात नाय."

हे खरं होतं, आणि असं त्याला फारसं कुणी म्हटलेलं नव्हतं.

यंत्र टीव्हीला जोडलं. आदल्याच वर्षी हप्त्याने घेतलेला काळापांढरा टीव्ही. हरिश्चंद्र कोर्टातून आला की हातपाय धुऊन समोर बसायचा. पहिले चार दिवस बोटं नुसती वैतागली. टाइपरायटरवर एका कळीचं एक अक्षर. इथे एक कळ दाबली की अख्खा शब्द पडे. वीस वर्षांत बसलेली बोटांची घडी मोडावी लागली. पण ओळींना आकडे होते, दहा, वीस, तीस, ते त्याला आवडलं. मागाहून काही सुचलं तर मधला आकडा देऊन ओळ आत सरकवता येते, असं पुस्तकात होतं. कोर्टात अशी सोय नव्हती. कोर्टात सुटलं की पान फाडा.

एक ओळ मात्र त्याला पटली नाही. साठ नंबरची. बाकीच्या ओळींत कंस होते, चिन्हं होती, आकडे होते. हिच्यात एकच शब्द, ना मागे काही ना पुढे. त्या शब्दाची कळही सापडेना. कळीवर अर्धाच शब्द छापलेला होता, आणि तो हाच का, याची खात्री वाटेना. त्याने ती ओळ न घालता खेळ चालवून बघितला. चालला. म्हणजे छापणाऱ्याकडूनच एक शब्द उगाच पडलेला दिसतो, असं त्याने ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मूळ कागदातलं काहीतरी अनावश्यक ठरवलं होतं. त्याला जरा बरंही वाटलं.

यंत्र बंद केलं की आतलं पुसलं जाई, म्हणून खेळ टेपरेकॉर्डरने कॅसेटवर उतरवायचा आणि दर वेळी तिथून यंत्रात परत भरायचा. तो उतरवून झाला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता.

८०

टीव्हीवर एक शिडी दिसायची. चाळीस पायऱ्या. खाली एक काड्यांचा माणूस उभा. वर गणित यायचं, बेरीज नाहीतर वजाबाकी नाहीतर गुणाकार. उत्तर बरोबर आलं की माणूस एक पायरी चढे. चुकलं की जागच्या जागी हात हलवी, आणि शेजारी बरोबर उत्तर उमटे. चाळीस गणितं झाली की खेळ संपला. चाळीसही बरोबर आली तर माणूस टोकाला पोचणार आणि यंत्र एक बारीक सूर वाजवणार होतं. पुस्तकात तसं लिहिलं होतं.

रोज संध्याकाळी एकच डाव. मग लगेच बंद, वर हात ठेवून बघायचं, किती तापलंय ते. परक्याची वस्तू.

आकडे इंग्रजी होते, ते राहीने दोन दिवसांत उचलले. शकूला तेवढे येत नव्हते, ती चुलीपाशीच असे. हरिश्चंद्र राहीच्या डाव्या बाजूला बसायचा आणि तिची बोटं बघायचा. टाइप करणारा माणूस दुसऱ्याचीही बोटंच बघतो. कुठलं बोट कुठून येतंय, मनगट टेकतंय का, कळ खोल दाबली जातेय का. पडद्यावर काय चाललंय याच्याकडे त्याचं लक्ष शेवटी जाई, एकूण किती, एवढ्यापुरतं. तो आकडा तो एका कोऱ्या कागदावर तारीख घालून लिहून ठेवी.

पहिल्या आठवड्यात तीन, पाच, चार. दिवाळीत अकरा. डिसेंबरात एकोणीस. एका दिवशी सत्तावीस आले तेव्हा त्याने कोर्टात रावजीला सांगितलं. रावजी त्याच्यासमोरच्या टेबलावर रुजवात घ्यायचा. पंधरा वर्षं दोघं एकमेकांना परक्यांचे दावे वाचून दाखवत आले होते.

"म्हणजे तुझ्या घरात आता एक तरी माणूस मॅट्रिक पयल्या फटक्यात होणार," रावजी म्हणाला.

"होईल. तू चहा सांग."

"पास ती होणार नि चाय मी पाजायचा?"

पण चहा त्यानेच सांगितला.

फेब्रुवारीत तेहतीस. बोटं आता पाण्यासारखी चालत. पडद्यावर गणित पुरतं उमटायच्या आत राहीचं उत्तर गेलेलं असे. हरिश्चंद्राला वाटे, आपल्याला जे कधी आलं नाही ते आपल्या उजव्या हाताला बसलेल्या पोरीला येतंय. आणि ते आपण टाइप करून दिलंय.

मार्चच्या बारा तारखेला माणूस टोकाला पोचला. यंत्राने सूर वाजवला. राहीने वळून बापाकडे पाहिलं. शकूने त्या संध्याकाळी घावणे केले आणि विठूच्या घरी नेऊन दिले. कशाचे ते विचारल्यावर "पोरीने चाळीसच्या चाळीस केलंन" एवढंच म्हणाली. विठूच्या आईला काही कळलं नाही, पण घावणे चांगले झाले होते.

दुसऱ्या दिवशीही चाळीस. तिसऱ्या दिवशीही.

मग हरिश्चंद्र शाळेत गेला.

९०

विमलाबाई चौथ्या शनिवारी दुपारी आल्या. हरिश्चंद्राला कोर्टाची सुट्टी होती. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शकूने खुर्चीवर धुतलेली चादर टाकली होती.

"वर्गात तर काही फरक नाही हो भाटकर," बाई बसताबसता म्हणाल्या. "परवा तोंडी विचारलं तर गप्प. पण तुम्ही एवढं सांगताय."

"वर्गात घाबरते बाई. इथे बघा."

"हे काय, टीव्हीवर?"

"खेळ आहे. पण गणिताचा."

कॅसेट किरकिरली. बाईंनी कानाला पदर लावला. शकूने आतून कोकमाचं सरबत आणलं आणि प्रथमच ती दारात न थांबता खोलीत येऊन उभी राहिली.

राहीने चाळीसपैकी चाळीस केले. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. सुरुवातीची काही गणितं त्या मनातल्या मनात करून बघत होत्या, पण दहाव्या-बाराव्यानंतर त्यांचा नाद सोडून पोरीकडेच बघायला लागल्या.

"अगं," त्या म्हणाल्या. "राही. अगं, मग शाळेत काय होतं तुला?"

राही खाली बघून हसली.

"मी ढकलते हिला," बाई म्हणाल्या. "ढकलते काय, ही आपल्या पायांनी जाईल." त्यांनी पिशवीतून एक फुलस्केप आणि पेन काढलं. "आता असं करा, पुन्हा एकदा होऊ दे. प्रत्येक गणित आणि हिचं उत्तर मी लिहून घेते. रजिस्टरला जोडायला काहीतरी हवं. साहेब आले नि विचारलं, वर्षभर नापास पोरगी पाचवीत कशी, तर दाखवायला कागद पाहिजे."

कागद पाहिजे, हे हरिश्चंद्राला कुणी समजावायला नको होतं. तरी त्याने यंत्रावर हात ठेवला. गरम होतं.

"मेव्हणा म्हणतो, तापतं ते. एकच डाव खेळतो आम्ही."

"दहा मिनिटांनी काय वितळणार आहे?"

शकू म्हणाली, "लावा हो. बाई सांगतायत ना."

त्याने स्वतःच्या बोटाने कळ दाबली. शिडी आली. माणूस खाली येऊन उभा राहिला.

वर गणित आलं: आठ अधिक पाच.

राहीचा हात कळांवर गेला आणि थांबला. तिने पडद्याकडे नीट पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत डावाच्या मध्ये ती कधी त्याच्याकडे बघत नसे.

"चालू दे," हरिश्चंद्र म्हणाला.

तिने टाइप केलं, पंचवीस.

माणसाने हात हलवले. शेजारी तेरा उमटलं. पुढचं गणित आलं, बारा वजा सात. तिने टाइप केलं, चोपन्न. पुढचं. सतरा. पुढचं. अठ्ठेचाळीस.

बाई लिहीत होत्या. चौथ्या ओळीला त्यांचं पेन थांबलं, पण लगेच पुन्हा चालू लागलं. अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. राहीही थांबली नाही. पाठ ताठ, मनगट उचललेलं, बोटं बापाने शिकवलेली तशी. पंचेचाळीस, आठ, त्याच गतीने, त्याच क्रमाने, एकही न गाळता. काड्यांचा माणूस खाली उभा राहून हात हलवत होता. तेविसाव्या गणिताला योगायोगाने उत्तर जुळलं आणि तो एक पायरी चढला. मग तिथेच राहिला.

चाळीसपैकी एक.

शकूला आकडे वाचता येत नव्हते, पण सूर वाजला नाही हे कळलं.

विमलाबाईंनी फुलस्केपावरून नजर वर केली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "राही, टीव्हीकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. पहिल्या डावातली उत्तरं सांग बरं मला."

राही उभी राहिली, शाळेत कविता म्हणायला राहतात तशी. "पंचवीस, चोपन्न, सतरा, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, आठ…" चाळीसच्या चाळीस. शेवटचा आकडा बहात्तर. मग ती बसली.

"न्हाणीत म्हणते ता," शकू हळूच म्हणाली.

"रोज तीच गणितं येतात, भाटकर?"

हरिश्चंद्र पडद्याकडे बघत होता. रोज कुठली गणितं येतात, हे त्याला माहीत नव्हतं. ते त्याने पाहिलंच नव्हतं.

शकू पुढे आली. "पण बाई, चाळीस आकडे हां. एका दमात. मागंपुढं नाय झाला एक पण. तुमच्या वर्गातल्या हुशार पोरांना येतील?"

"नाही येणार," विमलाबाई म्हणाल्या. "मलाही नाही येणार."

"मग?"

"त्याला रकाना नाही गो बाय."

एवढा एकदाच त्यांच्या तोंडून इथला शब्द आला. त्यांनी फुलस्केपाची घडी घातली, पिशवीत टाकली, थोड्या वेळाने ती पुन्हा बाहेर काढून टीपॉयवर ठेवली आणि सरबत संपवून गेल्या.

१००

रविवारी हरिश्चंद्राने टीव्हीवर सगळ्या ओळी आणून त्या हाताने कागदावर उतरवल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत त्याने ते कागद आणि दोन्ही पुस्तकं रावजीपुढे ठेवली.

"काय हा?"

"रुजवात घे."

"कुठला दावा?"

"घरचा."

रावजीने चष्मा नाकावर ओढला आणि कोर्टाच्या आवाजात वाचायला घेतलं. अर्थ त्यालाही लागत नव्हता. तो अक्षर न् अक्षर वाचत होता, कंस उघडा, कंस बंद, स्वल्पविराम. हरिश्चंद्राचं बोट कागदावरून खाली सरकत होतं. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास.

"साठ," रावजी म्हणाला, आणि तो एकटा शब्द वाचला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"माझ्यात नाही. पुढे वाच."

"पुढं काय वाच? सुटलाय हा. लाल कर."

"सुटला नाही. मी काढला."

रावजीने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. पंधरा वर्षांत या माणसाने पक्षकाराच्या नावातली चुकीची वेलांटीसुद्धा सुधारली नव्हती. त्याने यंत्र चालवायचं पुस्तक ओढलं, मागची सूची काढली, बोट फिरवत तो शब्द शोधला आणि ते पान हरिश्चंद्रापुढे धरलं. दोघांनी मिळून चार ओळींचा अर्थ लावला. तिथे असं होतं: यंत्र दर वेळी चालू केल्यावर आकडे त्याच त्या क्रमाने देतं; बंद न करता पुन्हा खेळलं तर तोच क्रम पुढे सरकतो. दर वेळी निराळे हवे असतील तर हा शब्द घालावा.

"एका शब्दापायी," रावजी म्हणाला.

मग त्याने शिपायाला दोन चहा सांगितले. हरिश्चंद्राचा तसाच राहिला, वर साय धरली.

११०

त्याने साठ नंबरची ओळ घातली. अर्धा शब्द छापलेली कळ होती तीच ती. खेळ दुसऱ्या कॅसेटवर उतरवला. परीक्षेला अजून अठरा दिवस होते.

आता पडद्यावर रोज वेगळं यायचं. हरिश्चंद्र आता बोटं बघत नव्हता. "सात नि आठ, राही. सातात आठ मिळव. बोटांवर कर हवं तर." ती त्याच्या ओठांकडे बघायची. तो "पंधरा" म्हणाला की पंधरा टाइप करायची. तो गप्प बसला की तीही गप्प. कधीकधी त्यालाच उत्तर पटकन येत नसे, आणि मग दोघं पडद्याकडे बघत बसत. माणूस शिडीखाली उभा असे, त्याला काही घाई नसे.

पहिल्या दिवशी चार. मग तीन. मग सहा, त्यातली चार त्याने सांगितलेली. एके दिवशी तो तिच्यावर ओरडला. शकू बाहेर आली नाही, फक्त आतला खुडबुडीचा आवाज थांबला.

आठव्या दिवशी राही म्हणाली, "बाबा, पयलाचा लावा ना. त्यातला मला येतां."

हरिश्चंद्राने यंत्र बंद केलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग चालू करून जुनी कॅसेट लावली. पाच मिनिटं किरकिर झाली. तो तिच्या डाव्या बाजूला बसला. राहीने पाठ ताठ केली, मनगट उचललं. पंचवीस, चोपन्न, सतरा. माणूस एकेक पायरी चढत गेला आणि टोकाला पोचला. सूर वाजला.

"किती?" शकूने आतून विचारलं.

"चाळीस," हरिश्चंद्र म्हणाला.

१२०

एप्रिलच्या परीक्षेत राहीला गणितात शंभरपैकी नऊ मिळाले. विमलाबाईंनी दाखला स्वतःच्या हाताने लिहिला, शाळेच्या कारकुनाकडून नाही. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं: पालकांची इच्छा. तेवढी जागा त्याला पुरली.

"नाट्याला शाळा आहे," त्या म्हणाल्या. "मनात आलं तर घाला."

"घालू," हरिश्चंद्र म्हणाला. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

त्याने दाखल्याची एक नक्कल टाइप केली, चार कार्बन घालून. रावजीने रुजवात घेतली. कारणाच्या रकान्याशी तो जरा थबकला, मग वाचलं, "पालकांची इच्छा," आणि हरिश्चंद्राचं बोट त्या शब्दांवरून पुढे सरकलं.

मे महिन्यात खंडू आला आणि यंत्र घेऊन गेला. मुंबईत कुणीतरी गिऱ्हाईक मिळालं होतं. राहीही त्याच्याबरोबर एसटीने नाट्याला गेली, दोन फ्रॉक, एक परकर आणि पाटी घेऊन. पाटी शकूने घातली होती. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

दिवाळीत हरिश्चंद्र नाट्याला गेला तेव्हा राही अंगणात सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलत होती. उन्हाने रापली होती, उंचही झाली होती. तुळसाने त्याला चटई टाकून दिली.

"पोरगी गुणाची हाय हां दाजी," ती म्हणाली. "एकदा दाखवला का तस्साच करता. मागंपुढं नाय होत एक पण."

हरिश्चंद्र "हं" म्हणाला. राहीने पाणी आणलं, दोन्ही हातांनी भांडं धरून त्याच्यापुढे ठेवलं आणि परत कावळ्यांकडे गेली.

१५

बुधवार, ८ ऑक्टोबर १९८६, खेळ सुरू होऊन चौथा दिवस. त्या संध्याकाळी राही म्हणाली होती, "बाबा, ह्यो रोज तीच गणितां घालतो." हरिश्चंद्र म्हणाला होता, "बोलू नको. बोटं सरळ ठेव."